पास, स्कूटर की मोटार? बदलापूरच्या विद्यार्थ्याचा वाहनहिशेब

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील तीन शहरे अशी आहेत, की तेथील विद्यार्थ्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने सुरू होतो आणि त्याच वेळापत्रकाने संपतो. तरीही बारावी ओलांडली, पदवीचा प्रवेश निश्चित झाला किंवा दसरा-दिवाळीचा मुहूर्त जवळ आला, की घरोघरी वाहनाचा विषय निघतो आणि स्कूटर घ्यावी की थोडी अधिक रक्कम घालून लहान मोटारच घ्यावी, यावर चर्चा रंगते. ही चर्चा बहुधा शोरूममधील किमतीभोवती फिरते. परंतु वाहनाची किंमत हा त्याच्या एकूण खर्चाचा केवळ पहिला भाग असतो, आणि विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकाला खरा ताण त्यानंतर दरमहा सुरू होणाऱ्या खर्चाचा पडतो. म्हणून रेल्वेने जाऊन झाल्यावर प्रवासाचा कोणता टप्पा शिल्लक राहतो आणि त्या टप्प्यासाठी दरमहा किती पैसे मोजणे परवडते, हे दोन प्रश्न आधी विचारले, तर निवड बरीच सोपी होते.

स्कूटरची परंपरा आणि मोटारीचे स्वप्न

महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरात स्कूटरने जे स्थान मिळवले, त्यामागे पुण्याजवळच्या आकुर्डीचा मोठा वाटा आहे. तेथील बजाज ऑटोने १९७२ साली 'चेतक' बाजारात आणली, तेव्हा कोणत्या कारखान्याने किती वाहने बनवावीत हे सरकारी परवान्याने ठरत असे, आणि त्यामुळे नोंदणी केल्यावर स्कूटर हाती येईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. त्याच सुमारास कायनेटिकच्या 'लूना'ने विद्यार्थी आणि नोकरदार स्त्रिया यांना परवडणारे हलके वाहन दिले. १९८०च्या दशकात 'कायनेटिक होंडा'ने बटणावर सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर रूढ केली आणि २००१ साली आलेल्या 'ॲक्टिव्हा'ने ती घराघरांत पोहोचवली.

मोटारीचा प्रवास याला समांतर राहिला. १४ डिसेंबर १९८३ रोजी 'मारुती ८००'च्या पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, आणि १९९०च्या दशकात तर कल्याण-डोंबिवली परिसरातील प्रीमियरच्या कारखान्यातच 'पुजो ३०९' ही मोटार तयार होत होती. स्कूटर आणि मोटार यांमधील अंतर बुजवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न 'टाटा नॅनो'चा होता. पावसात एका स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना सुचलेली ही मोटार १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत सादर झाली, परंतु २०१८मध्ये तिचे उत्पादन थांबले. नॅनोमागील कळकळ खरी होती. मात्र मोटारीची किंमत कितीही खाली आणली, तरी तिचे इंधन, विमा, देखभाल आणि जागा यांचा खर्च त्या प्रमाणात खाली येत नाही, ही अडचण तिच्या जन्माआधीही होती आणि आजही आहे.

रेल्वेनंतर उरणारा टप्पा

बदलापूर ते कल्याण हे अंतर रेल्वेने सुमारे १४ किलोमीटरचे असून वाटेत अंबरनाथ, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ही स्थानके लागतात. उल्हासनगरचे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'सीएचएम', स्थानकाजवळ आहे. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयाला जायचे तर स्थानकाबाहेर पडून पुन्हा रिक्षा धरावी लागते. अशा विद्यार्थ्यांसाठी रेल्वेच्या पासाशी स्पर्धा करू शकेल असे कोणतेही खासगी वाहन नाही, कारण घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलग्यांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची रेल्वेची तरतूद आहे आणि इतर विद्यार्थ्यांनाही पासात सवलत मिळते.

प्रश्न उरतो तो दोन टोकांचा. बदलापूर पूर्वेला आणि पश्चिमेला स्थानकापासून दूरवर वसाहती वाढल्या आहेत, तेथून स्थानक गाठण्यासाठी शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलावर गर्दीच्या वेळी चारचाकी वाहन अडकले की लोकल चुकते. ज्यांचे महाविद्यालय रेल्वेमार्गापासून आत आहे, किंवा ज्यांना काटई–बदलापूर रस्त्याने नवी मुंबईच्या बाजूला जावे लागते, त्यांच्यासाठी मात्र रस्ता हाच मुख्य मार्ग ठरतो. पहिल्या गटाची गरज दोन-चार किलोमीटरची आणि दुसऱ्या गटाची वीस-पंचवीस किलोमीटरची आहे. या दोन गरजा एकच समजून घेतलेला निर्णय बहुधा महाग पडतो.

महिन्याचा हिशेब

समजा, एखाद्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय घरापासून रस्त्याने १२ किलोमीटर आहे आणि तो महिन्यातील २२ दिवस जातो-येतो. म्हणजे त्याचा महिन्याचा प्रवास ५२८ किलोमीटरचा होतो. ११० सीसीची स्कूटर वाहतुकीत लिटरला ४५ किलोमीटरचे ॲव्हरेज देते असे मानले आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर महिन्याला सुमारे १,२२० रुपयांचे पेट्रोल लागते. लहान पेट्रोल मोटार याच गर्दीत लिटरला १५ किलोमीटर धावली, तर तोच आकडा सुमारे ३,६६० रुपयांवर जातो.

हप्त्यांतील फरक याहून मोठा आहे. स्कूटरसाठी ८०,००० रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,६२० रुपये बसतो आणि एकूण व्याज १४ हजारांच्या आसपास जाते. मोटारीसाठी ४ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ८,४०० रुपयांचा होतो आणि व्याजच १ लाखाच्या वर जाते, म्हणजे नव्या स्कूटरची जवळजवळ संपूर्ण किंमत केवळ व्याजापोटी खर्च होते. हप्ता आणि पेट्रोल मिळून स्कूटरला महिन्याला साधारण ३,८४० रुपये आणि मोटारीला १२,०६० रुपये लागतात. सर्व्हिसिंग, टायर, विमा आणि पार्किंग यांची भर त्यानंतर पडते. तीन वर्षांच्या पदवीनंतर स्कूटरचे कर्ज फिटलेले असते, मोटारीचे दोन वर्षांचे हप्ते शिल्लक असतात.

२२ सप्टेंबर २०२५पासून वस्तू व सेवा कराच्या दरांत झालेल्या बदलाने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि चार मीटरच्या आतील, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारी या दोहोंवरील कर १८ टक्क्यांवर आला. यामुळे दोन्ही वाहने स्वस्त झाली हे खरे, पण सवलत केवळ खरेदीच्या दिवशी मिळते आणि इंधन दररोज लागते, हे विसरता कामा नये.

स्टेट बँकेच्या शिक्षणकर्जात ज्या खर्चांचा समावेश होऊ शकतो त्यांत ५०,००० रुपयांपर्यंतच्या दुचाकीचा उल्लेख आहे, मोटारीचा नाही. शिक्षणासाठी आवश्यक वाहन कोणते, याविषयी बँकेचे मत त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

मोटारीच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. एकाच महाविद्यालयात जाणारे चार विद्यार्थी एका मोटारीतून गेले आणि पेट्रोल वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९१५ रुपये येतात, म्हणजे एकट्याने स्कूटर चालवण्यापेक्षा कमी. तथापि दोघे एका स्कूटरवरून गेले, तर हा वाटा ६१० रुपयांवर येतो, आणि मोटारीचे हप्ते, विमा व झीज हे सारे ज्याच्या घरची मोटार आहे त्याच्याच माथी राहतात. त्यामुळे घरात आधीपासून मोटार असेल तर ही व्यवस्था उत्तम. केवळ यासाठी नवी मोटार घेणे हिशेबात बसत नाही.

कायदा, परवाना आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी १६ व्या वर्षापासून चालवता येते, परंतु आज शोरूममध्ये मिळणाऱ्या पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या असल्याने व्यवहारात १८ वर्षे पूर्ण होणे आवश्यकच ठरते. २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी जबर शिक्षा ठेवली आहे. या तीन शहरांतील वाहनांची नोंद कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते आणि त्यांना 'एमएच ०५' हा क्रमांक मिळतो. लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

विम्याचे दोन भाग समजून घेणे अगत्याचे आहे. थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई; तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. जून २०२२मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीसाठी तो वर्षाला ७१४ रुपये, तर १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी २,०९४ रुपये आहे. नव्या दुचाकीसाठी तो पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या वाहनाचे नुकसान किंवा चोरी भरून देणारा भाग ऐच्छिक असतो. त्यात वाहनाची किंमत दरवर्षी घटत जाते आणि चार वर्षे उलटून पाचवे सुरू झाले, की ती निम्मी धरली जाते. निम्मी किंमत स्कूटरच्या बाबतीत चाळीस-पन्नास हजारांची आणि मोटारीच्या बाबतीत दोन लाखांच्या आसपासची झीज ठरते.

जुनी स्कूटर घेताना

विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकात सर्वांत चांगली बसते ती तीन-चार वर्षे वापरलेली स्कूटर. मात्र ती डोळसपणे घ्यायला हवी. स्कूटर पाहायला सकाळी जावे आणि मालकाला ती आधी सुरू करून ठेवू नये असे सांगावे, कारण थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते का, यावरून त्याची प्रकृती कळते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती एका रबरी पट्ट्यामार्फत मागच्या चाकाकडे जाते. उड्डाणपुलाच्या चढावर मागे कुणाला बसवून चालवून पाहिल्यास हा पट्टा आणि क्लच घासलेले आहेत की नाही ते लगेच उमगते, कारण ते घासलेले असतील तर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. हँडल सोडल्यासारखे हलके धरून सरळ रस्त्यावर स्कूटर एका बाजूला ओढते का, हेही पाहावे. तसे झाल्यास पूर्वी अपघात होऊन चौकट वाकलेली असण्याची शक्यता असते.

कागदपत्रांबाबत भिडस्तपणा ठेवू नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ देऊन उतरवून घ्यावा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मालकी नावावर करावी, थकलेली ई-चलने भरलेली आहेत याची खात्री करावी आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. 'नंतर करू' म्हणून नाव बदलायचे राहिले, तर आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक राहतो; सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केले असून अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी त्या जुन्या मालकावर येऊ शकते.

पाऊस आणि सुरक्षितता

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. या परिसरात पाऊस किती गांभीर्याने घ्यावा लागतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. सखल भागातील इमारतीखाली लावलेली मोटार अशा वेळी पाण्यात जाते आणि ती घाईने सुरू केल्यास इंजिनात पाणी शिरून दुरुस्तीचा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जातो; साध्या विम्यात हे नुकसान अनेकदा मिळत नाही. स्कूटर उंचावर नेऊन ठेवता येते, हा तिचा फायदा. परंतु तिची चाके लहान असल्याने पाण्याखालचा खड्डा तिला अधिक धोकादायक असतो.

सुरक्षिततेच्या तागडीत मोटार निःसंशय जड ठरते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. म्हणून स्कूटर घेतल्याने वाचलेल्या रकमेवर पहिला हक्क दोन आयएसआय हेल्मेटांचा आहे, एक चालवणाऱ्याचे आणि दुसरे मागे बसणाऱ्याचे. मुसळधार पावसात स्कूटर घरी ठेवून रिक्षा आणि लोकल धरणे, हाही याच हिशेबाचा भाग मानावा.

या साऱ्याचा निष्कर्ष असा, की बदलापूरच्या विद्यार्थ्याने लांबच्या प्रवासासाठी रेल्वेचा पास आणि दोन टोकांसाठी किंवा रेल्वे न पोहोचणाऱ्या महाविद्यालयासाठी स्कूटर, शक्यतो वापरलेली आणि कर्जाशिवाय घेतलेली, ही जोडी निवडावी. मोटार ही कुटुंबाची गरज असेल तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नातून घ्यावी, विद्यार्थ्याच्या नावाने नव्हे. पालकांनी मुलाला १८ वर्षे पूर्ण होण्याआधी किल्ली देऊ नये आणि त्यानंतरही परवाना व हेल्मेट पाहिल्याशिवाय देऊ नये. मोटारीच्या हप्त्यापोटी जाणारे महिन्याचे आठ हजार रुपये पुस्तके, शुल्क आणि पुढील शिक्षण यांसाठी राखून ठेवणारे घरच खऱ्या अर्थाने शहाणी खरेदी करते.