उंटाच्या पाठीवरचं पोर खाली उतरलं



मागच्या सुट्टीत आमच्या घरचं जेवणाचं टेबल पंधरा दिवस आम्हाला जेवायला मिळालं नाही. नातवाने त्यावर दुकान मांडलं होतं. चार छोट्या मोटारी, चार पंखे, एक बॅटरी, वायरींचा गुंता, रिमोट आणि काडेपेटीएवढी एक पाटी. विचारलं तर म्हणतो, "आजी, ड्रोन बनवतोय. विकतचा नाही, घरचा!" आम्ही म्हटलं, बनव बाबा, पण आम्ही पोळ्या कुठे लाटायच्या?

हे वेड त्याला 'थ्री इडियट्स' पाहून लागलं. २००९ च्या त्या सिनेमात खिडकीबाहेर उडणारं चार पंख्यांचं यंत्र तुम्हाला आठवत असेल. ते आपल्या मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलांच्या आयडियाफोर्ज कंपनीने बनवलं होतं.

आता ते उडतं कसं, ते नातवाने आम्हाला समजावलं तसं सांगतो. चारपैकी दोन पंखे उजवीकडे फिरतात आणि दोन डावीकडे. सगळे एकाच बाजूने फिरले तर यंत्र स्वतःच उलट दिशेने गरगरत बसेल. पुढे जायचं असेल तर मागचे दोन पंखे जोरात फिरतात, म्हणजे यंत्र पुढे झुकतं आणि सरकतं. हा हिशेब ती काडेपेटीएवढी पाटी करते. यंत्र कुठे कललं ते तिला लगेच कळतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो ना, तेच काम. तो भाग बिघडला की माणसाला चक्कर येते, आणि पाटी बिघडली की ड्रोनला!

आम्ही जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून दोन नियम घातले. मोटार तपासताना पंखे काढून ठेवायचे, आणि बॅटरी चार्ज होत असताना तिच्यापाशी कोणीतरी बसायचं. फुगलेली बॅटरी तर वापरायचीच नाही, ती पेट घेऊ शकते. पहिला नियम त्याने एकदा मोडला. बोटाला पट्टी आम्हीच बांधली. मग पुन्हा मोडला नाही.

एका संध्याकाळी आमचे जावई आले. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी तेल अवीवहून दोहाला थेट विमानं सुटली होती, तेव्हा ते कतारला जाऊन आले. टेबलावरचा पसारा पाहून म्हणाले, "आई, बॅटरी, मोटार, रिमोट! अगदी हेच सामान मी तिकडे उंटाच्या पाठीवर पाहिलं."

आम्हाला थट्टा वाटली. पण गोष्ट खरी आहे.

दोहाच्या पश्चिमेला अल शहानिया नावाचं गाव आहे. तिथे उंटांच्या शर्यतीचं मोठं मैदान आहे. आपल्याकडे अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर बैलगाड्या पळत आणि सारा गाव लोटत असे, तसंच तिकडे उंटांचं वेड. उंटावर बसणारा जितका हलका, तितका उंट जोरात पळतो. म्हणून आखाती देशांत वर्षानुवर्षं लहान मुलांना उंटावर बसवत. काही मुलं तर चार-पाच वर्षांची. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतल्या गरीब घरांतून ती आणली जात. वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर जेवायलाही देत नसत.

हे ऐकून आम्ही गप्प बसलो. चार-पाच वर्षांच्या पोराचं वजन पंधरा-अठरा किलो. उंट माणसाहून उंच, आणि ताशी चाळीस किलोमीटरने पळणारा. तिथून पडलं तर काय होतं, ते वॉर्डात दिवस काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मुंबईला असताना पतंगाच्या नादात गच्चीवरून पडलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या उशाशी निदान त्यांची आई बसलेली असायची. ह्या मुलांची आई समुद्रापलीकडे.

जगभरातून टीका झाली आणि २००५ साली कतारने कायदा करून मुलांना शर्यतीत बसवायला बंदी घातली. शेजारच्या अमिरातीनेही त्याच वर्षी युनिसेफच्या मदतीने मुलांना परत पाठवायला सुरुवात केली. हजारावर मुलं आपापल्या देशी गेली. पण शर्यत बंद करायला कोणी तयार नव्हतं. मग उंटावर बसवायचं कोणाला?

कतारने स्वित्झर्लंडच्या एका कंपनीकडून यंत्राचा स्वार बनवून घेतला. उंट बुजू नये म्हणून त्याला माणसासारखा चेहरा आणि कपडेसुद्धा दिले. पण तो जड होता आणि महागही. मग छोट्या वर्कशॉपांतल्या कारागिरांनी आपलं डोकं चालवलं. भिंतीला भोक पाडायचं बॅटरीवरचं ड्रिल मशीन घेतलं आणि त्याला चाबूक जोडला. बटण दाबलं की ड्रिल फिरतं आणि चाबूकही फिरतो. सोबत एक वॉकीटॉकी बसवली. असा घरगुती स्वार दोन-तीन किलोंचा झाला. आज मालक मैदानाच्या कडेच्या रस्त्यावरून मोटारीत उंटाबरोबर धावतो, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. उंटाला त्याच्या पाठीवरूनच धन्याच्या हाका ऐकू येतात!

सगळं गोड झालं असं नाही. काही ठिकाणी ह्या यंत्रांत उंटाला विजेचा धक्का देणारी उपकरणं लपवलेली सापडली. यंत्राला दयामाया नसते, ती हाताळणाऱ्याला असावी लागते. हे आम्ही नातवाला मुद्दाम सांगितलं.

शेवटी ड्रोन तयार झाला. कुठे उडवता येतो आणि कुठे नाही ते आधी नीट पाहिलं. सरकारचे नियम असतात, मुलांनो, मोठ्यांना विचारल्याशिवाय उडवू नका. मग मोकळ्या रानात गेलो. यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत वर चढलं, दोन माळ्यांइतकं उंच गेलं, एका बाजूला कललं आणि धाडकन काटेरी झुडपात पडलं. नातवाचा चेहरा रडवेला झाला.

आम्ही म्हटलं, "काय मोडलं रे?"

"एक पंखा."

"मग रडतोस काय? पंखा नवीन आणू."

घरी येताना आमच्या मनात ती उंटावरची पोरं होती. आता ती तिशीच्या आसपास असतील. त्यांच्या जागी आज ड्रिल मशीन बसतं, आणि ते पडलं तर कोणाची आई रडत नाही.