जिन्याचा कोपरा सोडून

सकाळी ७.१०

मिस्त्री मोटारसायकल लावतात, डबा सिमेंटच्या खोलीत खिळ्याला अडकवतात आणि आधी टेकू बघतात. प्रत्येक टेकू हाताच्या पंजानं हलवायचा. जो हलला त्याच्या बुडाशी लाकडाची पाचर ठोकायची. वर लोखंडी प्लेटा पसरल्यात, त्यांवर काळं ऑइल फिरवलंय. शनिवारी स्लॅब आहे. आज गुरुवार.

घर सांगलीतलं, नदीपासून फार लांब नाही. स्लॅब अकराशे चौरस फुटांचा. याच जागेवर जुनं बैठं घर होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा इथल्या आजींना खुर्चीसकट उचलून बोटीत बसवलं होतं. नवं घर दुमजली करायचं ते त्यासाठीच. पाणी आलं तर आजींनी स्वतःच्या पायांनी वर जावं, एवढी घरच्यांची इच्छा.

म्हणून या घरात सगळ्यात महत्त्वाचा जिना. आणि अडलंय नेमकं जिन्यापाशी.

सकाळी ८.००

हजेरी भरली. दोन बिगारी, एक अक्का, चार फिटर. मिस्त्रींची हजेरी अकराशे, बिगाऱ्याची सातशे, अक्कांची साडेचारशे. फिटर हजेरीवर नाहीत. त्यांचा हिशेब वजनावर, किलोला नऊ रुपये. या स्लॅबला आणि बीमना मिळून लोखंड दोन टनांच्या आसपास. बांधलं तेवढ्याचे पैसे. काम थांबलं तर बिगाऱ्याला निदान अर्धी हजेरी मागता येते. फिटरला मागायला काही उरत नाही.

फिटरांचा म्होरक्या विजापूरकडचा. कन्नड वळणाचं मराठी बोलतो. पुढचं काम मिरजेत सोमवारपासून घेऊन बसलाय.

"मिस्त्री, जिना?"

"जिन्याचा कोपरा सोडून धरा. पूर्वेकडनं सुरू करा."

सकाळी ८.२५

घराच्या मालकीणबाई प्राथमिक शाळेत शिकवतात. मालक कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेत, त्यामुळे साइटचं बाईंकडे. शाळेआधी एक फेरी. पिशवीत नकाशाची गुंडाळी, हातात फोन.

आर्किटेक्टचा फोन वाजतो, वाजत राहतो, बंद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज वाचलेले दिसतात. ऑफिसातली मुलगी म्हणते, साहेब मीटिंगमध्ये आहेत, सांगते. गेले दोन आठवडे ती सांगतेच आहे.

काम अडलं ते असं. मूळ नकाशात खालच्या मजल्याची उंची दहा फूट. पुरात सामान वर चढवायला माळा हवा, म्हणून कॉलम भरण्याआधी सगळ्यांच्या संमतीनं उंची अकरा फूट केली. आर्किटेक्टही त्या दिवशी साइटवर होते. जाताना म्हणाले, जिना मी बदलून पाठवतो, जुन्याप्रमाणे करू नका. ते शेवटचं बोलणं. जुना नकाशा रद्द, नवा आलेला नाही. नकाशाच नसता तर एखाद्याने अंदाज बांधला असता. साहेबांनी तोंडानं "करू नका" म्हटल्यावर मिस्त्रींचा हात थांबतो, आणि तो थांबतो हे बरोबर आहे.

आर्किटेक्टची फी फुटावर ठरलेली. बांधकाम परवानगीला एक हप्ता, जोत्याला दुसरा. आता द्यायची राहिली ती अगदी थोडी. बाई ते सांगतात तेव्हा आवाज चढवत नाहीत. नकाशाची घडी मात्र दोनदा चुकते.

"मिस्त्री, तुम्हीच बघा ना काहीतरी."

"बघतो की बाई. पन मनानं न्हाई करनार. जिना हाय. आज चुकला तर जन्मभर चुकला."

सकाळी ९.३०

फिटर प्लेटांवर अनवाणी. चपलेला ऑइल लागतं, चप्पल घसरते. उन्हानं प्लेट तापायला लागली की पुन्हा चपला चढतात. आठ एमएमच्या सळ्या सहा इंचांवर, एक सरळ, एक क्रँक. खडूनं आधी खुणा, मग सळई, मग आडवी सळई, मग तार. तार बांधायचा आकडा मनगटात दोन वेळा फिरतो आणि गाठ बसते. म्होरक्याचा धाकटा भाऊ ओणवा होतो तो सरळ उभा राहतच नाही, ओणवाच मागे सरकत जातो.

खाली एक जण रिंगा वाकवतोय. फळीवर ठोकलेले खिळे, हातात चावी. बीम नऊ बाय पंधरा. एका रिंगेला साडेतीन-पावणेचार फूट सळई. तीन वाक आणि दोन हूक. हूक आत, तिरके वळलेले हवेत. नव्वदच्या काटकोनात सोडले तर मिस्त्री रिंग बाजूला फेकतात. सकाळपासून दोनच फेकल्या.

अक्का कव्हर ब्लॉक वर नेतायत. स्लॅबखाली वीस एमएमचे, बीमखाली पंचवीसचे. घमेल्यात वेगवेगळे ठेवलेत, मध्ये पोत्याचा तुकडा. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सकाळी ११.१५

चहा. आठ कप, ऐंशी रुपये, मिस्त्रींच्या खिशातून. शनिवारी हिशेबात येतील.

दुपारी १२.४०

पूर्वेकडून आलेलं जाळं जिन्याच्या बीमपाशी येऊन थांबतं. सळ्यांची टोकं हवेत. म्होरक्या आकडा कमरेला खोचतो आणि खाली उतरतो. बोलत काही नाही. चौघे सावलीला बसतात. इथून पुढचा प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जातोय.

दुपारी १.००

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवण झाल्यावर मिस्त्री विटेचा तुकडा उचलतात आणि विटांच्या भिंतीवर आकडे मांडतात. मी शेजारी बसून बघतो.

अकरा फूट म्हणजे १३२ इंच. जुन्या नकाशात पायऱ्या अठरा, खाली नऊ, वर नऊ. १३२ ला अठरानं भागलं तर पायरीची उंची सव्वासात इंचांच्या वर. नियमात कदाचित बसेल. आजींच्या गुडघ्यात बसणार नाही. वीस पायऱ्या केल्या तर उंची ६.६ इंच. चांगली. पण दहा-दहा केल्या तर वरच्या अंगाला एक पाऊल वाढतं, दहा इंच. मग वरचा बीम दहा इंच मागे न्यायचा. तो आज दोन कॉलमवर बसलाय. सरकवला की कॉलमवरनं सुटतो आणि बाजूच्या बीमवर लटकतो. त्याला वेगळं लोखंड लागतं, वेगळा हिशेब लागतो. पाऊल नऊ इंचांचं केलं तर जागेत बसतं. उतरताना मात्र टाच पायरीवर राहते आणि पुढचा पाय बाहेर.

मिस्त्री तिन्हीवर काट मारतात. मग थोडा वेळ भिंतीकडे बघत तंबाखू मळतात.

"वर नऊच ठेवायच्या," ते म्हणतात. "जुन्यासारख्या. पाऊलं आठ. बीम हाय तिथंच ऱ्हातो. खाली अकरा करायच्या."

अकरा आणि नऊ, वीस. उंची तीच, ६.६. खालच्या अंगाला दोन पावलं वाढतील, वीस इंच, ती हॉलमध्ये पुढे येतील. हॉलला जागा आहे. मधली पायठण निम्म्यावरच्या साडेपाच फुटांऐवजी सहा फुटांवर जाईल. खाली माणूस जवळजवळ ताठ उभा राहील, पाण्याची मोटर बसेल. स्लॅबला हात लावायचा नाही.

तीस-एक वर्षं गवंडीकाम केलेला, जत तालुक्यातून आलेला हा माणूस सातवीपर्यंत शिकलाय. आकडेमोड त्याने भिंतीवर केली. एवढं करून तो उठून काम सुरू करत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पायठणीचा बीम वर सरकला की त्याचं काय होतं हे त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हे तो जाणतो.

दुपारी १.४५

फाउंडेशनचा नकाशा उलगडला जातो. कोपऱ्यातल्या चौकटीत आर्किटेक्टच्या नावाखाली बारीक अक्षरात आरसीसी इंजिनिअरचं नाव आणि फोन. आजवर त्यांच्याशी बोलायची वेळच आली नव्हती. सगळं आर्किटेक्टच्या मार्फत. मिस्त्री बाईंना मधल्या सुट्टीत फोन करून विचारतात, लावू का? बाई म्हणतात, लावा, मीही लावते.

इंजिनिअर दुसऱ्या वाजण्याला फोन उचलतात. उंची बदलल्याचं त्यांना कुणी कळवलेलंच नव्हतं.

"काही भरू नका. येतो."

दुपारी ४.०५

स्कूटरवरून आले. पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, खिशात पाच मीटरची टेप. आधी कॉलमची उंची मोजली, मग बीमचा बांधलेला सांगाडा पाहिला, मग भिंतीवरचे आकडे. ते वाचायला त्यांना जेमतेम मिनिट लागलं.

"अकरा-नऊ कुणी काढलं?"

मिस्त्री विटेचा तुकडा खाली ठेवतात.

पायठणीचा बीम सहा इंच वर घ्यायला हरकत नाही, असं ते गाडीच्या सीटवर कागद ठेवून, हिशेब करून सांगतात. खालचं अंग लांबलं म्हणून त्याच्या पाट्याची जाडी अर्धा इंच वाढवायची, मुख्य सळई चार सुतीचीच, पण जवळ जवळ. वरच्या बीममधून जिन्यासाठी डाऊलच्या सळ्या आजच सोडायच्या, चार सुती, तीन फूट बाहेर. जुन्या नकाशावर लाल पेननं आकृती, सही, तारीख.

"स्लॅब शनिवारी घ्या. हॉलमध्ये वीस इंच येतायत ते घरच्यांनी ठरवायचं. आणि आर्किटेक्टना लेखी कळवा. मीही सांगतो."

भेटीचे किती, असं मिस्त्री विचारतात. ते हात हलवतात आणि निघतात. बाईंनी पुढे पैसे पोचवले पाहिजेत, असं मला वाटतं. आलेल्या माणसाचा वेळही वेळच असतो.

दुपारी ४.२०

म्होरक्या हाक न मारताच उठलाय. चार सुतीची अख्खी बारा मीटरची सळई साडेदहा किलोच्या वर भरते. ती खांद्यावर घेऊन दोघं वळतात, कापतात, चावीत धरून वाकवतात. साडेतीन तास गेले. ते अंधार पडेपर्यंत भरून काढायचे.

संध्याकाळी ५.२०

बाई शाळेतून थेट येतात. हॉलमध्ये मिस्त्रींनी खडूनं रेघ मारून ठेवलीय. वीस इंच. रेघेवर विटा लावून पहिल्या दोन पायऱ्याही रचल्यात, बरोबर ६.६ इंच. बाई घरी जाऊन आजींना घेऊन येतात. आजी दाराच्या चौकटीला धरून आत येतात, दोन विटांच्या पायऱ्या चढतात, उतरतात, पुन्हा चढतात.

"कठड्याला हात कुठं?"

मिस्त्री उजव्या बाजूला काठी धरून उंची दाखवतात. आजी मान डोलावतात. कपाटाची जागा गेली, हे बाईंच्या लक्षात आलंय. त्या काही बोलत नाहीत, रेघेच्या बाहेर उभं राहून अंदाज घेतात, मग म्हणतात, चालेल.

संध्याकाळी ६.१०

बाई विटांच्या ढिगावर बसून फोनवर ईमेल लिहितात. मिस्त्री शेजारी उभे राहून सांगतात काय काय घालायचं. उंची कधी बदलली. कुणाच्या समोर. अकरा आणि नऊ. लाल पेनच्या नकाशाचा फोटो. स्लॅबची तारीख. शेवटी एकच प्रश्न, वरच्या बाथरूमचं दार जिन्याच्या तोंडाशी येतंय, ते कुठं घ्यायचं? भिंत अजून उठायचीय, त्यामुळे हे थांबू शकतं. थांबू न शकणारं आज झालं.

"राग लिहू नका," मिस्त्री म्हणतात. "मंजुरीचं पुढचं कागद त्यांच्याच सहीनं निघनारेत."

संध्याकाळी ७.००

वायरीवरच्या दिव्यात शेवटच्या गाठी. डाऊल सुटल्या. जाळं बंद झालं. उद्या वायरिंगचे पाइप आणि तपासणी.

मिस्त्री वहीत हजेरी लिहितात. बिगारी पूर्ण, अक्का पूर्ण. फिटरांच्या नावापुढे पेन थांबतं. बाई पर्समधून आठशे रुपये काढतात, म्होरक्याच्या हातात देतात. दुपारचे. तो भावाकडे बघतो, पैसे घेतो, चौघांत मोजतो.

"शनिवारी मिक्सर सहाला येतोय बाई," मिस्त्री मोटारसायकलला किक मारतात. "सिमेंट शंभरावर पोती लागनार. उद्या दुपारी उतरवून घ्या, वर ताडपत्री टाका. आन टाकी उद्या रात्रीच भरून ठेवा, सकाळी नळाची वाट बघायला नको."