दयामरण : दया कुणाची, इच्छा कुणाची?

मराठीत आणि कन्नडमध्येही ‘दयामरण’ हा एकच शब्द आहे. त्यातला पेच देशाला कळला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. होन्नावरजवळच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने केलेल्या हल्ल्यात तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढची जवळजवळ ४२ वर्षे ती अंथरुणाला खिळून राहिली.

तिची सुटका व्हावी म्हणून लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी मात्र विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे मानले. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेली. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी कळवळाच होता, पण तिची स्वतःची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि स्वतःच मरण मागत असेल तर? कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवणे म्हणजे निष्क्रिय दयामरण. त्याला आपल्याकडे अटींसह परवानगी आहे. इंजेक्शन देऊन जीवन संपवणे म्हणजे सक्रिय दयामरण. तो आपल्याकडे गुन्हाच आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मात्र २००२ पासून कायद्याने त्याला वाट दिली आहे. मरण अटळ असताना यातना लांबवण्यात कसली नीती, हा त्यामागचा सवाल खोडून काढणे सोपे नाही.

तरीही मन कचरते. ‘आता मला सोडवा’ असे घरातले वडीलधारे माणूस म्हणते, तेव्हा ते वेदनेने म्हणते, की मुलाच्या डोक्यावरचे कर्ज पाहून? वेदनाशामक उपचार गावोगाव पोचलेले नसताना अशा मागणीला स्वेच्छा म्हणणे धाडसाचे ठरेल. आधी वेदना आणि खर्च यांचा भार हलका व्हावा, मग स्वेच्छेची भाषा करावी, असे मला वाटते.

पण एक गोष्ट आजच आपल्या हातात आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून ते साक्षांकित करता येते. कर्नाटक सरकारनेही ३० जानेवारी २०२५ रोजी त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. शेतीच्या वाटणीचे कागद आपण वेळेवर करतो. शेवटच्या दिवसांत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही घरात बसून, मराठीत वा कन्नडमध्ये, एकदा बोलून घ्यावे आणि लिहून ठेवावे. तो निर्णय ऐनवेळी मुलांवर येऊन पडू नये.