बदनाम झालेलं चांदी अस्वल

मैत्रिणींनो, रात्री खुराड्यात कोंबड्या ओरडल्या की आपल्या मनात आधी मुंगूस येतं, नाहीतर बोका. मागच्या पावसाळ्यात आमच्या सुलतानपुरात मात्र भलतंच नाव घरोघरी फिरलं. ‘मढी उकरणारं जनावर आलंय!’ बायांनी दिवेलागणीलाच लेकरं घरात घेतली, पोरांनी काठ्या काढल्या. ‘मारून टाकलेलं बरं, बाई!’ आमच्या जाऊबाई म्हणाल्या. प्रत्यक्ष पाहिलं कोणी, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही!

हे जनावर म्हणजे चांदी अस्वल; हिंदीत बिज्जू. नावात अस्वल असलं तरी हे अस्वल नव्हे. पाणमांजर आणि उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला खादाड वुल्व्हरिन हे त्याचे भाऊबंद. आपल्या मेळघाटात ते आहे. अंगानं ठेंगणं, वजन साधारण दहा किलोच्या आसपास. खाली काळंभोर आणि पाठीवर पांढुरकी झूल, म्हणून ‘चांदी’!

उंदीर, सरडे, विंचू, साप, सगळं त्याला चालतं. मधाच्या पोळ्यावर तर फार जीव. कातडी इतकी जाड आणि सैल की मानगूट धरली तरी आतल्या आत वळून चावा घेतं. पुढच्या पायांची लांब नखं माती उकरण्यासाठीच. त्यावरूनच स्मशानाची गोष्ट त्याला चिकटली असावी. लेकरं पळवणारं जनावर मात्र हे नव्हे, बरं का!

दक्षिण आफ्रिकेकडे अभ्यासकांनी याच जातीवर पाळत ठेवली. मादीला बहुधा एकच पिल्लू. बाप फिरकत नाही. आई पिल्लाला तोंडात धरून या बिळातून त्या बिळात हलवते आणि वर्षभराहून अधिक काळ सांभाळते. म्हणजे आई मारली की पिल्लूही गेलंच. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याचं नाव आहे. मारणं हा गुन्हा.

मग कोंबड्यांचं काय, म्हणाल. खुराड्याची जाळी हातभर जमिनीत पुरा, वर दगड रचा. दार कडीनं लावा, नुसता दोरा बांधून भागत नाही. जनावर दिसलंच तर वाट मोकळी ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका, वनविभागाला कळवा. आणि पोरांच्या हातातल्या काठ्या तेवढ्या काढून घ्या. आमच्या जाऊबाईंनी पिल्लाची हकिकत ऐकली आणि तेच केलं.