कच्च्या लायसन्सचा महिना

पेट्रोल पंपावर हेल्मेट दाखवा, मगच पेट्रोल घ्या, ही मोहीम लखनौत २६ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. पुढे १ ते ३० सप्टेंबर या काळात उत्तर प्रदेश सरकारने ती राज्यभर नेली. महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. २०१६ मध्ये दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना हीच घोषणा आपल्याकडे विधिमंडळात झाली होती, आणि विरोध सुरू झाल्यावर तिचा जोर ओसरला. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरोधात मोर्चा निघाला, तोही वाचकांच्या स्मरणात असेल.

लखनौची मोहीम मला मनापासून पटते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९. राज्यांमध्ये उत्तर प्रदेश पहिलं, २२,५९५ मृत्यू. महाराष्ट्र तिसरा, १५,२२४. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्येच काढला आहे. त्यावर वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण पंपावर रांगेत उभ्या असलेल्या कोवळ्या मुलाला दुसरा एक प्रश्न कोणी विचारत नाही. तुझं लायसन्स कच्चं की पक्कं? आणि कच्चं असेल, तर मागे हा मित्र कसा काय बसलाय? पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्यांविषयी लिहायचं तर मला या प्रश्नापासूनच सुरुवात करावीशी वाटते. ऑनलाइन अर्ज, फॉर्म, फी हे सगळं एव्हाना घराघरात ठाऊक आहे. कच्चं आणि पक्कं यांच्या मधल्या दिवसांकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही.

लखनौचं आरटीओ ऑफिस कानपूर रोडवर ट्रान्सपोर्ट नगरात आहे. गाड्यांवर यूपी ३२ हा क्रमांक इथूनच चढतो. सप्टेंबर २०१७ मध्ये लखनौ मेट्रो सुरू झाली ती ट्रान्सपोर्ट नगर ते चारबाग या टप्प्यावर, त्यामुळे गाडी चालवता न येणाऱ्यालाही इथवर पोचणं सोपं झालं. त्याच रस्त्याने पुढे गेलं की सरोजिनी नगर लागतं. तिथे स्कूटर्स इंडियाचा सरकारी कारखाना होता. इटलीच्या इनोसेंटी कंपनीची यंत्रसामग्री आणून तो उभारला होता. देशात विकायची ती ‘विजय सुपर’, परदेशी पाठवायची ती ‘लॅम्ब्रेटा’. १९९७ मध्ये तिथली स्कूटर बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्खी कंपनी बंद करायला केंद्राने मंजुरी दिली.

स्कूटर्स इंडिया कंपनी स्थापन झाली १९७२ मध्ये, आणि त्याच वर्षी आपल्याकडे फिरोदियांच्या कायनेटिकची लुना रस्त्यावर आली. हे सांगायचं कारण निव्वळ जुन्या आठवणी नाहीत. लुनाचं इंजिन ५० सीसीचं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये वयाची अट अठरा वर्षांची आहे, पण ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलसाठी ती सोळा आहे. लुनावर वाढलेल्या आईबापांच्या मनात हा सोळाचा आकडा घट्ट बसला. मधल्या काळात गाड्या बदलल्या. आज पेट्रोलवर चालणारी नवी दुचाकी घ्यायला जा, शोरूममध्ये सुरुवातच १०० सीसीच्या आसपास होते. कलम पुस्तकात तसंच आहे, त्याला लागू पडणारी गाडी बाजारात नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ११० सीसीची स्कूटर देताना आईबापांना वाटतं की आपण नियमाच्या जवळपासच आहोत. तसं मुळीच नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या हलक्या विजेच्या स्कूटरला लायसन्स लागत नाही. अठराच्या आतल्या मुलाला कायद्याने खुली असलेली वाट व्यवहारात एवढीच.

आता कच्चं, म्हणजे लर्निंग लायसन्स. ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज, आधारची ओळख पटवणं, चिन्हं आणि नियमांवरची परीक्षा, ६० टक्के गुणांना पास. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आणि आता उत्तर प्रदेशातही हे घरबसल्या होतं. केंद्रीय नियमांप्रमाणे एका वर्गाच्या लर्निंगला १५० रुपये आणि परीक्षेला ५०. पक्क्याच्या चाचणीला ३०० आणि लायसन्सचे २००. राज्याची थोडीफार भर पडते, तरी आरटीओबाहेर टेबल मांडून बसलेल्या एजंटाला त्याच्या कितीतरी पट देण्यासारखं यात काही नाही. अर्ज करताना एवढं पाहावं की आपल्याला गिअरची गाडी चालवायची आहे की बिनगिअरची. बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही, आणि हा घोळ अपघातानंतर विम्याच्या दाव्यात उघडा पडतो. लर्निंगची मुदत सहा महिने, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही.

हे ३० दिवस कशासाठी आहेत, असं लखनौत किंवा लातूरमध्ये कोणालाही विचारा, बहुतेकांचं उत्तर एकच येईल: तारीख मिळेपर्यंत थांबायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ वेगळंच सांगतो. शिकाऊ चालकाबरोबर पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा माणूस हवा, आणि गाडी आवरता येईल अशा जागी तो बसलेला हवा. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हवा. पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच, इतकं बारकाईने लिहून ठेवलं आहे. मोटारसायकलसाठी तर स्पष्टच म्हटलंय की शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचं नाही.

लखनौच्या हजरतगंजात किंवा पुण्याच्या डेक्कनवर उभं राहून ‘एल’ लावलेली दुचाकी शोधून पाहा. चारचाकीच्या काचेवर तो अधूनमधून दिसतो, कारण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असते. दुचाकी बहुतेक जण घरीच शिकतात, कधी काकाकडून, कधी मोठ्या बहिणीकडून, कधी वर्गातल्या मित्राकडून. या शिकण्याला ना पाटी, ना वेळापत्रक, ना कोणाची नजर. पोलीस हेल्मेट बघतो, नंबरप्लेट बघतो, ट्रिपल सीट बघतो. कच्च्या लायसन्सवर मागे मित्राला बसवलं म्हणून पावती फाडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

याला मी इतकं महत्त्व का देतो, तर दिनेश मोहन यांच्यामुळे. दिल्लीच्या आयआयटीत त्यांनी अनेक दशकं वाहतूक सुरक्षेवर काम केलं. शरीराला कुठे किती मार बसला तर काय तुटतं, या शास्त्रातला हा माणूस. हेल्मेटवर त्यांचं मूलभूत संशोधन आहे. मे २०२१ मध्ये कोविडने ते गेले. ड्रायव्हिंगचं शिक्षण वाढवा म्हणजे अपघात कमी होतील, या सोप्या समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते पुराव्यानिशी बोलत. शाळाशाळांत ड्रायव्हिंग शिकवल्याने मुलं लवकर लायसन्स काढतात, म्हणजे उलट जास्त कोवळ्या वयात रस्त्यावर येतात, असंच परदेशी अभ्यासांत दिसलं. मोटारसायकलच्या प्रशिक्षणाने मृत्यू कमी होतात, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावाही कॉक्रेनच्या पाहणीत सापडला नाही. रस्ता, वेग, हेल्मेट आणि अंमलबजावणी यांवर जोर द्या, माणसाला उपदेश करून भागणार नाही, असा त्यांचा रोख होता.

प्रथम वाचलं तेव्हा हे मला पचलं नव्हतं. शिकवल्याने फरक पडत नाही, हे मास्तरांच्या देशात मान्य करणं जड जातं. पण त्याच पुराव्याची दुसरी बाजू आशादायक आहे. फरक पडतो तो नवख्याला धोक्यापासून काही काळ लांब ठेवल्याने. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मधल्या टप्प्यात रात्री चालवायचं नाही, बरोबर प्रवासी घ्यायचे नाहीत. तरुणांच्या दुखापती घटल्या, आणि नंतर अनेक देशांनी ही पद्धत उचलली. नवख्याच्या मागे बसलेला मित्र म्हणजे गाडीचा बदललेला तोल, लांबलेलं ब्रेकिंग आणि कानात ‘अरे, जाऊ दे ना जोरात’. तो मित्र काही आठवडे नसला, तरी बरंच काही टळतं.

नियम ३ नेमकं हेच सांगतो, तोही १९८९ पासून. नवं काही परदेशातून आणायचं नाही. आपल्याकडे टप्प्याटप्प्याच्या लायसन्सचा गाभा छापील स्वरूपात पडून आहे आणि तो कोणी उघडत नाही, याचा मला संताप येतो. पंपावर महिनाभर हेल्मेट तपासता येतं, तर चौकात ‘एल’ का तपासता येऊ नये?

चाचणीचंही तेच. नियम १५ मध्ये चाचणीत काय पाहायचं याची लांबलचक यादी आहे. आरशाचा वापर, हाताचे इशारे, चढावर थांबून पुन्हा निघणं, पादचारी क्रॉसिंगवर योग्य वागणं, अचानक गाडी थांबवणं. प्रत्यक्षात दुचाकीची चाचणी म्हणजे बहुतेक ठिकाणी आठचा आकडा: पाय न टेकवता वळण घेतलं की झालं. पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीला संगणकीकृत मार्गावर होते, आणि दुचाकीवाला आळंदी रोडच्या फुलेनगरात जातो. आठचा आकडा हळू वेगातला तोल तपासतो, आणि तोल यायलाच हवा. पण कानपूर रोडवर ई-रिक्षा अचानक आडवी आल्यावर लागतो तो ब्रेक. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आवळत नेऊन, चाक न लॉक होऊ देता. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या चाचणीत ताशी ५० किलोमीटरवरून गाडी तातडीने थांबवून आणि अडथळा चुकवून दाखवावा लागतो. मोकळं पटांगण आणि एक निरीक्षक एवढंच त्याला लागतं. नापास झालेल्याला आपल्याकडे पुन्हा संधी मिळतेच. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशांना प्रशिक्षण पूर्ण करणंही बंधनकारक केलं आहे. मग चाचणी कडक करायला भीती कसली?

अठराच्या आतल्यांबद्दल कायदा मात्र २०१९ पासून अतिशय कडक आहे. कलम १९९अ प्रमाणे मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या शिक्षण खात्याने शाळांना हे बजावलं. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पॉर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. ते दोघे मोटारसायकलवर होते. त्यानंतर महाराष्ट्रात काही आठवडे शाळांच्या दारात तपासणी झाली. पुढे सगळं थंडावलं.

शिक्षणानिमित्त लखनौला जाणाऱ्या मराठी मुलांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या शहराशी आपलं नातं जुनं आहे. विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ मध्ये तिथे संगीत महाविद्यालय सुरू केलं, आणि आज आयआयएमपासून अनेक संस्थांत आपली मुलं असतात. कायद्याच्या कलम १३ नुसार कच्चं असो वा पक्कं, लायसन्स देशभर चालतं. कोल्हापूरच्या लर्निंगवर गोमतीनगरात शिकता येतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून, ज्या राज्यात तुम्ही राहता त्या राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो, त्यामुळे ट्रान्सपोर्ट नगरची तारीख लांबची मिळाली म्हणून बिनलायसन्सचं फिरायचं कारण उरत नाही. लर्निंग लायसन्स हे विम्याच्या दृष्टीनेही वैध लायसन्सच, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं आहे. बिनलायसन्स चालवलं तर मात्र ५ हजार दंड, आणि अपघात झाला तर जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

ज्यांच्या घरात या वर्षी कोणाला अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. लर्निंग हाती आलं की त्याच दिवशी गाडीला पुढे आणि मागे लाल ‘एल’ लावा. मुलगा असो की मुलगी, पक्कं मिळेपर्यंत मागे मित्र नाही, रात्री बाहेर नाही, आणि घरातलं कोणीतरी पक्कं लायसन्सवालं मागच्या सीटवर. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ताशी ३०, मग ४० वरून दोन्ही ब्रेकनी गाडी थांबवायची सवय करून घ्या, ओल्या जमिनीवर एकदा आणि कोरड्यावर एकदा. आणि परिवहन खात्याला, लखनौच्या आणि मुंबईच्याही, मागणं एवढंच की पंपावरच्या मोहिमेनंतरचा पुढचा महिना नियम ३ साठी द्यावा.