वॉरंटविना घरझडती : घाईतही चुकत नाहीत ते नियम

घराच्या झडतीसाठी पोलिसांनी न्यायालयाचे वॉरंट आणावे, हा सर्वसाधारण नियम. तपासात वेळ दवडून चालत नसेल तेव्हासाठीचा अपवाद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्ये होती. इंदूरला डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आले, तरी तिथल्या सुदामा नगरातल्या घराच्या झडतीला देशभराचाच कायदा लागू आहे.

हा अधिकार ठाणे अंमलदाराला किंवा तपास अधिकाऱ्याला असतो. तपासाला आवश्यक असलेली वस्तू आपल्या हद्दीतल्या अमुक जागी आहे आणि ती अन्य मार्गाने अनावश्यक विलंबाशिवाय मिळणार नाही, असे मानायला सबळ आधार लागतो. समजा, चोरीचे दागिने सुदामा नगरातल्या एका घरात असून ते रात्रीतून हलवले जाणार असल्याची खबर लागली. अशा वेळी अधिकाऱ्याने आधी आपल्या समजाचा आधार केस डायरीत लिहायचा, शक्य तितक्या नेमकेपणाने वस्तूही नोंदवायची आणि मगच निघायचे. ‘काही सापडते का पाहू’ म्हणून घर उचकटण्याची मुभा हे कलम देत नाही. अधिकारी स्वतः जाऊ शकत नसेल, तर हाताखालच्याला कारणासह लेखी आदेश द्यावा लागतो.

झडतीपूर्वी त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे; तिथे कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही, तर दुसऱ्या वस्तीतले चालतात. खास समन्स आल्याखेरीज पंचांना साक्षीसाठी न्यायालयात जावे लागत नाही. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते. जप्त वस्तूंच्या यादीवर पंच सही करतात आणि यादीची प्रत घरच्यांना मिळते. स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची. नव्या संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही बंधनकारक केले आहे. त्यासाठी मोबाइल चालतो. लिहिलेल्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पोचल्या पाहिजेत. अर्ज केल्यास घरमालकाला किंवा रहिवाशाला त्या विनामूल्य मिळतात.

अटक करायची असलेला माणूस घरात शिरला असेल, तर कलम ४४ लागते. वॉरंट आणेपर्यंत तो निसटणार असेल, तर पोलीस आत जाऊ शकतात. आपला अधिकार आणि हेतू सांगून, रीतसर मागणी करूनही प्रवेश मिळाला नाही, तर दार तोडता येते. अमली पदार्थांबाबत १९८५ च्या कायद्याचे कलम ४२ आहे. सूर्यास्तानंतर वॉरंट आणताना पुरावा लपवण्याची किंवा आरोपीला पळण्याची संधी मिळणार असेल, तर कारणे लिहून घरात शिरता येते. त्या कारणांची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जाते.

राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या खटल्यात कारणे न नोंदवता घेतलेली झडती सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि तिला अडवणारा निर्दोष सुटला. मात्र, झडती सदोष होती एवढ्यावरून तिच्यात मिळालेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असे पूरनमल प्रकरणात १९७३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. त्यामुळे झडतीत दोष आढळला, तरी त्या पुराव्यावर किती विसंबायचे, याचा निवाडा खटल्यातच होतो.