शेती आणि राष्ट्राची मिळकत

शेती हा देशाचा कणा, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु ह्या कण्यावर भार किती आणि त्यास पोषण किती, हा हिशेब आमच्या मतें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां मांडून पाहावा.

१९५०-५१ सालीं भारतांत सुमारें ५ कोटी टन धान्य पिकलें. २०२२-२३ सालीं जवळजवळ ३३ कोटी टन. १९६५-६६ च्या अवर्षणांत अमेरिकेच्या गव्हावर विसंबलेला देश आतां स्वतः तांदूळ परदेशीं पाठवितो. हें यश लहान नव्हे.

पण दुसरी बाजूहि पाहावी. त्याच २०२२-२३ सालीं काम करणाऱ्या शंभर माणसांपैकीं सुमारें ४६ शेतींत राबत होतीं. राष्ट्राच्या शंभर रुपयांच्या उत्पन्नांत शेतीचे रुपये मात्र सुमारें १८. शंभर पानांच्या पंगतींत ४६ जणांस १८ पानांवरचें अन्न वांटून घ्यावें लागावें, तसें हें झालें. त्यांतच वांटण्या होतां होतां १९७०-७१ सालीं सरासरीनें २.२८ हेक्टर असलेलें खातें २०१५-१६ सालीं १.०८ हेक्टरवर आलें.

केवळ अधिक पिकविल्यानें हें कोडें सुटेल, असें आम्हांस वाटत नाहीं. गुजरातेंत आणंद येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या दूध-संघानें वाट दाखविली आहे: संकलन, प्रक्रिया व विक्री उत्पादकांच्याच सहकारी संस्थेकडे राहिली, म्हणून नफाहि त्यांच्याकडे वळला. असे धंदे गांवोगांवीं निघावेत. चार भावांपैकीं दोघांस तेथें काम मिळालें, तरच उरलेल्या दोघांस शेत पोसूं शकेल.